एकाच वायनरीच्या सगळ्या वाईन्स ओळीने चाखायच्या आहेत : कुठली वायनरी? आणि त्या बनवतं कोण?

पार्लेपूर्व
मंडळी, आमचा पार्ल्यात छोटा कट्टा आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, गप्पा होतात, वाईन उघडली जाते. आत्तापर्यंत जो तो आपल्या आवडीची बाटली आणायचा आणि दुसऱ्या दिवशी कुणाला काही आठवायचं नाही. यावेळी एकाच वायनरीची रांग लावायची आहे : स्पार्कलिंग (फेसाळती), व्हाइट, रोझे (गुलाबी), रेड, शेवटी गोड. एका गवयाचे चार राग ऐकले की गवई कळतो, तसं काही व्हावं ही इच्छा.

तर पहिला प्रश्न, महाराष्ट्रातली कुठली वायनरी घ्यावी? माणशी हजार-दीड हजारात बसायला हवं. दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. बाटली उलटसुलट करून पाहिली की पत्ता, परवाना क्रमांक, अल्कोहोलचं प्रमाण, वैधानिक इशारा सगळं सापडतं, पण वाईनमेकरचं नाव बहुतेक बाटल्यांवर मिळत नाही. ही माणसं कोण आहेत? कुठे शिकली? कुणाला माहीत असेल तर मनापासून ऐकायचं आहे.

कसारालोकल
सुला. विषय संपला. पार्ल्यात जिन्याखाली उतरलात तरी मिळेल.

गिरगावकरीण
विषय सुरू होतोय हो, संपतोय कुठे!

सुलाची रांग लावायला माझी हरकत नाही, पण ती नीट समजून लावा. सुला सुरू करणारे राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, अमेरिकेत ओरॅकलमध्ये नोकरी केली आणि परत येऊन नाशिकला घरच्या जमिनीवर शेती सुरू केली. तेव्हा नाशिक म्हणजे खायची द्राक्षं, थॉमसन सीडलेस आणि तिची भावंडं. त्यांना कॅलिफोर्नियाचे वाईनमेकर केरी डॅम्स्की भेटले आणि १९९७ च्या सुमारास सॉव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या व्हाइट वाईनच्या द्राक्षांच्या वेली लागल्या. पहिली वाईन बाजारात आली २००० साली. आज दुकानात शेनिन ब्लाँ सहज दिसते, पण तेव्हा ती नाशिकच्या मातीत लावणं हा मोठाच धोका होता.

पुढे अजॉय शॉ यांनी तिथे वर्षानुवर्षं वाईन केली, नंतर करण वसानी मुख्य वाईनमेकर झाले. म्हणजे सुला "एका हाताची" वायनरी नाही. पण एक प्रयोग तिथे छान होतो. साधी शेनिन ब्लाँ आणि लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ शेजारी ठेवा. द्राक्ष एकच. दुसरीसाठी ते वेलीवर जास्त दिवस राहू देतात, साखर चढते, आणि सगळी साखर आंबायच्या आत आंबवणं थांबवतात. एकच द्राक्ष वाईनमेकर कुठे कुठे नेऊ शकतो हे दोन घोटांत कळतं.

माळशिरस_ते_खारघर
नाशिकच्या पलीकडेही महाराष्ट्र आहे याची नम्र आठवण :)

आमच्या अकलूजची फ्रातेल्ली घ्या. नीरेच्या काठावरचा, उसाचा, साखर कारखान्यांचा मुलूख. तिथे वाईनची द्राक्षं होतील असं कुणी म्हटलं असतं तर गावाने खुळ्यात काढलं असतं. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन घरांनी मिळून ती उभी केली. वाईनमेकर टस्कनीचे पिएरो मासी. त्यांनी टस्कनीची सांजोव्हेजे ही जात माळशिरस तालुक्यात रुजवली. त्यांची वरच्या किमतीची सेत्ते ही सांजोव्हेजे आणि कॅबरने सॉव्हिन्यॉ यांची मिसळणीची रेड आहे. तुमच्या बजेटमध्ये सेत्ते कदाचित बसणार नाही, पण नुसती सांजोव्हेजे बसेल, आणि ती गार केल्यावर मुंबईच्या हवेत फार बरी वाटते.

पार्लेपूर्व, तुम्हाला माणूस शोधायचा असेल तर इथे तो ठळक दिसतो. शिवाय एम/एस नावाची त्यांची एक मालिका स्टीव्हन स्परियर यांच्याबरोबर केलेली आहे. १९७६ साली पॅरिसमध्ये डोळ्यांआड बाटल्या ठेवून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियन वाईन्सची ती गाजलेली परीक्षा ज्यांनी घेतली, तेच हे.

चिंचपोकळी
म्हणजे वाईनमेकर शोधायला निघालो की कॅलिफोर्निया, टस्कनी, फ्रान्स. बंगळूरच्या ग्रोव्हर वायनरीकडेही फ्रान्सचे मिशेल रोलाँ सल्लागार होते. द्राक्ष आपलं, घाम आपला आणि श्रेय विमानाने येणाऱ्याचं. मला हे पटत नाही. गेल्या वीस वर्षांत आपली मुलं तयार झाली की नाही?

गिरगावकरीण
झाली की. गंगापूर धरणाजवळच्या यॉर्कचे कैलास गुरनानी बघा. कुटुंबानेच उभी केलेली वायनरी, ते ऑस्ट्रेलियात ॲडलेडला वाईन शिकून आले आणि घरच्या द्राक्षांवर हात चालवला. त्यांची आरोस ही ओकच्या पिंपात मुरवलेली रेड जरूर घ्या. २०२१ साली सुलाने यॉर्क विकत घेतली, पण यॉर्कच्या नावाने वाईन येतेच. इगतपुरीजवळ मुकणे धरणाच्या बाजूला व्हॅलोने आहे, तिथे संकेत गावंड. छोटी वायनरी, सगळं हाताच्या अंतरावर.

पाहुण्यांकडून शिकणं यात मला कमीपणा वाटत नाही. निफाडच्या रिव्हाइलोमध्ये यतीन आणि किरण पाटील यांनी इटलीहून वाईनमेकर आंद्रेया व्हॅलेंतिनुत्सी यांना आणलं म्हणून सिसिलीची ग्रिल्लो आणि नेरो दाव्होला ही द्राक्षं आपल्या निफाडात आली. नाहीतर आपण अजून शिराझ-शेनिनवरच असतो.

बाग_निफाड
निफाडचं नाव निघालं म्हणून लिहितोय. एरवी नुसता वाचत असतो.

वाईनमेकरचं नाव बाटलीवर हवं, मान्य. पण ती वाईन अर्धी-अधिक बागेत झालेली असते हे आधी सांगतो. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वर्षातून एकदा छाटली की झालं. आपल्याकडे वेल झोपतच नाही. म्हणून आम्ही वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलात खरड छाटणी, तेव्हा येणाऱ्या काडीत पुढच्या घडाचा पाया पडतो. ऑक्टोबराच्या आसपास फळछाटणी, तिच्यावर घड येतात. म्हणजे पावसाळ्यात पीक नको आणि थंडीत पिकायला हवं, यासाठी वेलीला आपण वळण लावतो. काढणी जानेवारी ते मार्च. परदेशातून आलेल्या माणसाला हे गणित इथल्याच माणसाकडून शिकावं लागतं.

खायच्या द्राक्षाची आणि वाईनच्या द्राक्षाची शेतीही वेगळी. खायच्या द्राक्षाला मणी फुगवायला जीए या संजीवकाची बुडवणी, विरळणी, घडाला आकार. वाईनच्या द्राक्षाला यातलं काही नको. मणी लहान, साल जाड, आत बी, घड गच्च. चव आणि रंग सालीत असतो, म्हणून मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. खायच्या बागेत जास्त टन निघाले की आनंद, इथे एकरी चार-पाच टनांवर गेलं की वायनरीचा माणूस तोंड वाकडं करतो. शेतकऱ्याला आधी हे पचत नाही. माल कमी काढा म्हणजे काय?

थंडी हवी, पण निफाडचा पारा कधी इतका उतरतो की पहाटे मणी तडकतात. मग बागेत शेकोट्या पेटवायच्या, पहाटे ठिबक सुरू करायचं. गच्च घडात एकदा अवकाळीचं पाणी शिरलं की आतून कूज लागते, बाहेरून घड छान दिसतो. घड हातात घेऊन मधले मणी दाबून बघावे लागतात.

कसारालोकल
धागा मस्त चाललाय. निफाडचे दादा, अजून लिहा. आम्ही चकणा आणतो.

कॉम्रेड_लालबाग
सगळं वाचलं. वाईन म्हणजे दारूच, हे कुणीतरी म्हणायला हवं. शेतकऱ्याचं नाव पुढे करून बाटली घरात आणायची हे मला मान्य नाही. २०२२ च्या जानेवारीत सरकारने १,००० चौरस फुटांच्या वरच्या किराणा दुकानांत वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हाही हेच सांगितलं, की शेतकऱ्याचं भलं होईल. अण्णा हजाऱ्यांसकट पुष्कळांनी विरोध केला आणि ते अमलात आलं नाही, बरं झालं. ज्या चाळीत मी वाढलो तिथे दारूने किती घरं उद्ध्वस्त केली ते मी पाहिलंय. डाळ-तांदळाच्या शेजारी बाटली नको.

बाग_निफाड
साहेब, दारूच आहे. तुम्ही जे पाहिलंय ते मी आमच्याही गावात पाहिलंय, त्यावर वाद घालणार नाही. किराणा दुकानाच्या बाबतीत माझं मन तुमच्याकडेच झुकतं.

पण शेतकऱ्याचं नाव नुसतं पुढे केलेलं नसतं. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झालं, करात सूट मिळाली, आणि आमच्याकडे करार करून लोकांनी बागा लावल्या. वाईनची वेल लावली की ती खायच्या बाजारात चालत नाही. मग मंदी आली, त्यात २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली आणि वाईनचा मोठा गिऱ्हाईक हॉटेलच होतं. ताजमध्ये जे झालं त्याचा धक्का आमच्या शिवारापर्यंत आला. ज्या कंपनीशी आमचा करार होता तिने माल उचलला नाही, मागच्या वर्षीचे पैसेही अडकले. घड वेलीवर सुकले. माझ्या चुलत्यांनी उभी बाग तोडली. कुऱ्हाड स्वतः चालवली नाही, मजूर लावला आणि घरात जाऊन बसले.

आम्ही अर्धा एकर ठेवली. आता दुसऱ्या वायनरीला देतो, पैसे वेळेवर येतात. म्हणून मुंबईत कुणी एखादी शिराझ विचारपूर्वक विकत घेतो म्हटलं की मला त्याचं अप्रूप आहे.

कॉम्रेड_लालबाग
चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं. करार मोडणाऱ्या कंपनीला सोडायला नको होतं. माझं मत कायम आहे, पण तुम्ही लिहीत राहा.

सायनचे_काका
इंडाजचं नाव कुणीच घेत नाही याचं आश्चर्य वाटतं. सुला, फ्रातेल्ली यांच्या कितीतरी आधी, १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला शॅतो इंडाज उभी केली. शँपेनच्या धर्तीवर बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली स्पार्कलिंग वाईन काढली, त्यासाठी फ्रान्सच्या पायपर-हाइडसीक या शँपेन कंपनीचं तांत्रिक साहाय्य घेतलं. ओमार खय्याम या नावाने ती परदेशात जायची. नारायणगावची वाईन लंडनमध्ये, याचा आम्हाला केवढा अभिमान! पुढे कंपनी बुडाली, पण आजच्या नाशिकच्या यशाचा पाया शोधायला गेलात तर तो पुणे जिल्ह्यात सापडेल.

रेड वाईन हृदयाला चांगली म्हणून मी घेतो, एवढंच पुरे.

तळघर
काका, इंडाजबद्दल सलाम. हृदयाचं मात्र मनातून काढा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलंय की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. आवडते म्हणून थोडी घ्या, औषध म्हणून घेऊ नका.

आता मूळ प्रश्नावर. मी काही हंगाम वायनरीत काम केलंय, म्हणून वाईनमेकर नेमकं काय करतो ते सांगतो. फेब्रुवारीत तो झोपत नाही. सकाळी बागेत जाऊन मण्याचा रस रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, बघतो. पण नुसत्या साखरेवर काढणी ठरत नाही. तो मणी चावतो, बी थुंकून तळहातावर घेतो. बी हिरवी असेल तर थांबायचं, तपकिरी होऊन दाताखाली कुडकुडली तर साल आणि बीचा तुरटपणा पिकलाय. आपल्या उन्हात साखर पटकन चढते आणि आंबटपणा पटकन उतरतो. साखर म्हणते आज तोडा, बी म्हणते चार दिवस थांबा. या चार दिवसांत वाईन ठरते. हवामान खात्याने पाऊस सांगितला असेल तर आणखीच जीव टांगणीला.

काढणी पहाटे, कपाळाला दिवा लावून. क्रेट ऊन चढायच्या आत शेडमध्ये हवेत. व्हाइट असेल तर आधी दाबून रस काढायचा, साल बाजूला. रेड असेल तर सालीसकट टाकीत. आंबायला लागलं की साली वर तरंगून जाड थर होतो, तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा, नाहीतर रंग उतरत नाही आणि थर खराब होतो. व्हाइट १५ अंशांच्या आसपास थंड ठेवून आंबवतात, म्हणून तिचा सुवास टिकतो. नाशिकच्या उन्हात स्टीलच्या टाकीला ते तापमान धरून ठेवायचं आणि ऐन हंगामात वीज गेली की काय होतं, विचारू नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यात जीव गुदमरतो, म्हणून रिकाम्या टाकीत उतरताना माणूस एकटा सोडायचा नाही हा पहिला नियम.

चिंचपोकळी, तुमच्या मुद्द्याला माझा अर्धा होकार. सल्लागार वर्षातून काही वेळा येतो, मिसळण ठरवायला त्याची जीभ फार मोलाची असते. पण रात्री अडीचला टाकीचं तापमान वाढलं की फोन जातो तो इथे राहणाऱ्या वाईनमेकरला. त्याच्या हाताखालची चार-सहा मुलं, बहुतेक आसपासच्या गावांतली, त्यांचं नाव तर मागच्या लेबलावरही येणार नाही. मी पार्लेपूर्वांच्या बाजूचा आहे. "नाशिक व्हॅली वाईन" या नावाला भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे जागेला मान मिळाला. आता माणसालाही द्या.

माहीमची_बांगडी
तळघर, काय लिहिलंत! बी थुंकून तळहातावर घेणारा माणूस डोळ्यांसमोर आला.

मुंबईकरांसाठी एक कळकळीची सूचना. बाटल्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवू नका. मे महिन्यात तिथे काय भट्टी होते ते आपल्याला ठाऊक आहे. वाईन उकडते, कॉर्क वर सरकतो, चव शिजलेल्या फळासारखी होते. मी आमच्या भागातल्या एका दुकानातून चांगली महागाची रेड घेतली होती, ती त्याने शोकेसमध्ये पश्चिमेच्या उन्हात उभी ठेवलेली. उघडली तर वास गेलेला. परत घ्यायला दुकानदार तयार नाही. तेव्हापासून आतल्या शेल्फवरची मागते, एसी असलेल्या दुकानातूनच घेते. आणि "रेड खोलीच्या तापमानाला" हे मुंबईत विसरा. आपली खोली ३२ अंश. रेडही अर्धा तास फ्रिजमध्ये घालाच.

शुद्धशाकाहारी_मुलुंड
खायला काय ठेवणार ते सांगा. चीज आणि बिस्किटं ठेवलीत तर मी या धाग्यावर बहिष्कार टाकेन.

माहीमची_बांगडी
बहिष्काराची वेळ येऊ देणार नाही. सॉव्हिन्यॉ ब्लाँबरोबर कोथिंबीर वडी. दोन्हींत तोच हिरवा वास, इतकी जोडी जमते की काय सांगू. स्पार्कलिंगबरोबर तळलेले बोंबील, नाहीतर तुमच्यासाठी बटाट्याची भजी : तळणीचं तेल बुडबुडे जिभेवरून धुऊन नेतात. तिखट कालवणाबरोबर किंचित गोडसर शेनिन. रेड आणि लाल मिरची मात्र लांब ठेवा. टॅनिन (साल-बीचा तुरटपणा) आणि अल्कोहोल तिखट आणखी भडकवतात.

माळशिरस_ते_खारघर
ताई, मटण सुक्क्याबरोबर शिराझ आम्ही घेतो आणि छान लागते.

माहीमची_बांगडी
तुम्ही सोलापूरकडचे, तुमची जीभ वेगळ्या मातीची आहे. आम्हा माहीमकरांना काळ्या मसाल्याचं खोबऱ्यातलं मटण चालेल, तिखट तर्री नको.

पार्लेपूर्व
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. निफाडचे दादा, तुमचा चुलत्यांबद्दलचा प्रतिसाद कट्ट्यावर वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

ठरलं ते असं. पहिल्या बैठकीला यॉर्क. कुटुंबाने उभी केलेली वायनरी, शिकून आलेला मुलगा, आणि स्पार्कलिंगपासून रेडपर्यंत रांग बजेटमध्ये बसते. गोड वाईनसाठी सुलाची लेट हार्वेस्ट शेजारून घेऊ, गिरगावकरीण यांनी सांगितलेला शेनिनचा प्रयोगही त्यातच होईल. फ्रातेल्ली दुसऱ्या बैठकीला, तेव्हा सगळ्यांनी मिळून एक सेत्ते घेऊ. आणि प्रत्येक बाटलीपुढे एक कार्ड ठेवणार : वाईनमेकरचं नाव, बाग कुठली, काढणी कुठल्या वर्षाची. वायनरीला ईमेल करून विचारतोय, जेवढं कळेल तेवढं लिहू.

एक शंका. आम्ही आठ जण, प्रकार पाच, त्यात रेड दोन. प्रत्येक वाईनची एक बाटली पुरेल का?

तळघर
पुरेल. चाखायला ७५ मिलिलिटर ओता, ७५० च्या बाटलीत दहा जण होतात, दोन वाटे परत चाखायला उरतात. तेवढंही पोटात सहा वेळा जातं, म्हणून मध्ये पाणी ठेवा आणि गाडी कुणीच चालवू नका. स्पार्कलिंग आधी, मग ओक नसलेली व्हाइट, रोझे, हलकी रेड, आरोस, शेवटी गोड. आरोस तासभर आधी उघडून जगमध्ये ओता. आणि बाटल्या दुकानात घेतानाच पाहा, सगळ्या रेड एकाच वर्षाच्या मिळाल्या तर उत्तम. वर्ष वेगळं असलं की हात कुठला आणि पाऊस कुठला हे वेगळं काढता येत नाही.

बाग_निफाड
वाचून दाखवा, चालेल. चुलत्यांना सांगितलं, ते म्हणाले त्यांना म्हणावं फेब्रुवारीत या, काढणी बघायला. तपोवन एक्स्प्रेसने निघालात तर दहाच्या आत नाशिकरोड, पण काढणी त्याआधी आटपते. आदल्या रात्री मुक्कामालाच या. कॉम्रेड, तुम्हीही. आमच्याकडे चहा मिळतो.

कॉम्रेड_लालबाग
चहाला येतो. तारीख कळवा.